देवलिपी आणि गोदाबाईचं मडकं

पडद्यावर आठ फुटांचं वलय उमटलं आणि मांडवातले हजारभर लोक एकदम उठून उभे राहिले. पुढच्या बायकांनी पदर पसरले, मागच्या पुरुषांनी मोबाईल उंच धरले. माझ्या शेजारी जानराव होता. ग्रामसभेत राष्ट्रगीत सुरू झालं तरी ज्याला दोनदा सांगून उठवावं लागतं, तो जानराव हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "सहदेवभाऊ, पाह्य. सूर्य हाये हा, सूर्य."

सूर्यबिर्य काही नव्हता. बशीएवढी एक पारदर्शक गोल डबी जुन्या प्रोजेक्टरवर ठेवली होती. डबीत पिवळट साय धरल्यासारखा थर होता, त्या थराच्या मधोमध एक भोक होतं आणि भोकाभोवती स्वच्छ गोल जागा होती. तेवढीच जागा मागच्या पडद्यावर मोठी होऊन झळकत होती. मे महिन्याच्या भर दुपारी कापसाच्या जिनिंगच्या मैदानावर काळ्या कापडाचा मांडव घालून अंधार केला होता, त्यामुळे ती आणखीच झळकत होती.

मी गावच्या सरकारी दवाखान्यात मलमपट्टी करतो. सव्वीस वर्षं लोकांच्या जखमा धुतोय, त्यामुळे माझी जीभ जरा खवचट झाली आहे, असं घरचे म्हणतात. असेल. पण त्या दिवशी स्टेजवर जो माणूस भगव्या शालीत बसला होता, त्याला पाहून कोणाचीही जीभ खवचट झाली असती. वलयनाथ महाराज हे त्याचं आताचं नाव. आधी तो परतवाड्याचा शेखर मंडपवाला होता. माझ्या पुतणीच्या लग्नात त्यानंच मांडव टाकला होता आणि पंखे आणायला विसरला होता. मधे अडीच-तीन महिने तो दिसला नाही, मग दाढी वाढवून परत आला. दाढी आली आणि गावाची स्मरणशक्ती गेली.

"भक्तहो," शेखर माईकमध्ये घोगऱ्या आवाजात बोलला, "हा पिवळा थर म्हणजे जंतू. अमेरिका ज्यांना घाबरते, ते जंतू. आणि मध्ये माझ्या गुरूच्या तेजांबिलीचा एक थेंब. बघा, जंतू कसे शिस्तीत मागे सरकले. कोणी सरकवले? मी? मी तर झोपलो होतो."

लोक गहिवरले. झोपलेला माणूस काही करत नसतो, यात गहिवरण्यासारखं काय आहे, हे मला आजवर कळलेलं नाही.

"आणि कडेला बघा. निळी अक्षरं. ही देवलिपी आहे. पृथ्वीवर ती वाचणारा कोणी नाही. म्हणून वाचायची नाही, नुसती गिरवायची."

पडद्यावर खरंच वलयाच्या कडेला निळ्या रंगात काहीतरी लिहिलेलं दिसत होतं. वर आडवी रेघ होती, खाली वेडीवाकडी वळणं. अक्षरं ओळखीची वाटत, पण वाचता येत नसत. गावानं ती गिरवायचा सपाटा लावला. कोणी लॉकेटवर कोरली. जानरावानं ट्रॅक्टरच्या मडगार्डवर काढून घेतली. पेंटरला पंधरा दिवस घरी जेवायला जाता आलं नाही.

आता या तेजांबिलीबद्दल सांगतो. आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघरी आंबील होते. ज्वारीचं पीठ ताकात कालवून मडक्यात रात्रभर ठेवायचं, आंबलं की सकाळी शिजवून जिरं-लसूण घालून प्यायचं. शिजवायच्या आधीचं ते आंबवण सगळं काढायचं नाही, मडक्याच्या तळाशी घोटभर राखायचं आणि दुसऱ्या दिवशीचं पीठ त्यावरच कालवायचं. काही घरांतली मडकी अशी वर्षानुवर्षं रिकामी झालेली नसतात. सासू सुनेला दागिन्यांच्या आधी मडकं सोपवते.

शेखरनं पहिला घाव त्या मडक्यांवर घातला. "तुमच्या मडक्यात पिढ्यानपिढ्यांचं पाप मुरलंय," तो म्हणाला. "ते फोडा आणि माझ्या तेजांबिलीची बाटली घ्या." एका गुरुवारी गावात एवढी मडकी फुटली की गुरांना रस्त्यानं जाता येईना.

सुरुवातीला बाटलीत खरी आंबील असायची. पण आंबील जिवंत असते, ती फसफसते. उन्हात उभ्या असलेल्या टेम्पोत एके दिवशी चाळीस बाटल्यांची झाकणं एकामागून एक उडाली. मी तिथंच होतो. भक्त पळाले नाहीत. त्यांनी ओळीनं उभं राहून दंडवत घातले, कारण शेखर म्हणाला, देवानं तोफांची सलामी दिली. त्यानंतरच्या बाटल्या मात्र एकदम गप्प झाल्या. त्यांच्यावर चिठ्ठी आली, 'हलवून घ्यावे.'

इथवर मी हसत होतो. गाव दर दोन-तीन वर्षांनी असं काहीतरी करतंच. पण मग खुशालराव पट्टीला यायचा थांबला.

खुशालराव माझा शाळेपासूनचा सोबती. त्याला आठ वर्षांपासून साखर आहे. त्याच्या उजव्या पायाच्या बोटाला चपलेचा खिळा लागला होता. साखरेच्या माणसाचं हेच वाईट, त्याला दुखत नाही, म्हणून लक्ष जात नाही. मी रोज पट्टी करत होतो आणि जखम भरत आली होती. तो सलग नऊ दिवस आला नाही, तेव्हा मी मोटरसायकल काढून त्याच्या घरी गेलो.

पट्टी सोडली आणि वासानं मला सगळं सांगितलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं. जखमेत पांढरी कचकच होती, वाळूसारखी.

"हे काय घातलं, खुशाल?"

"तेजांबील. दिवसातून तीनदा ओततो."

"आन् गोळ्या?"

"बंद केल्या. महाराज म्हनते, गोळीनं वलय फाटते."

"बोटं काळी पडली, बावा. आमच्या दवाखान्यातल्या रागिणी डॉक्टर मॅडमनं तुले मागंच सांगतलं होतं न, जखम बिघडली तं अमरावतीले न्या लागते म्हनून? आता उशीर केला तं पाय जाईन."

खुशालरावानं पाय मागे ओढला. "सहदेव, तुया गोळीले वलय हाये का? दाखव मले. आत्ता खातो."

सव्वीस वर्षांत माझ्याकडे कोणी गोळीचं वलय मागितलं नव्हतं. मी नवी पट्टी बांधली आणि उठलो.

मी निघालो तशी त्याची बायको गोदाबाई अंगणापर्यंत आली. आवाज खाली करून म्हणाली, "भाऊजी, त्या बाटलीले आंबट वासच नाही येत. आंबील अशी नसते. मी म्हनलं, तं मलेच म्हने, तुया मनात पाप हाये म्हनून वास येत नाही."

"तुमी मडकं फोडलं का, वहिनी?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं. "फोडला तो जुना माठ. सासूचं मडकं गाईच्या गव्हानीत ठेवलं, वरून कडबा टाकला. रोज पहाटे पीठ कालवून येते."

मी मोटरसायकलवर बसलो. किक मारताना नजर आरशात गेली. मागे खुशालरावाच्या घराचं दार दिसत होतं आणि दारावर नव्या निळ्या ऑइलपेंटनं काढलेली देवलिपी. आरशात ती सुलटी झाली होती.

'घर ७. गोदाबाई. दिवस २.'

मी गाडी बंद केली. मागे वळून पाहिलं तर देवलिपी. आरशात पाहिलं तर गोदाबाई. आमच्या अँबुलन्सच्या तोंडावर नाव उलट्या अक्षरांत लिहिलेलं असतं, पुढच्या गाडीवाल्याला आरशात सुलटं दिसावं म्हणून. ते नाव मी रोज पाहतो. तरी महिनाभर माझ्या डोक्यात उजेड पडला नाही, आणि मी शेखरच्या भक्तांना बिनडोक म्हणत होतो.

घर सात म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. गेल्या उन्हाळ्यात अचलपूरची एक मुलगी गावात आली होती. तहरीम तिचं नाव. अमरावतीला ती जंतुशास्त्र शिकते आणि जुन्या आंबवलेल्या पदार्थांत कोणते जंतू असतात, यावर तिचा प्रोजेक्ट आहे. मीच तिला बारा घरं फिरवली होती आणि तिनं घराघरातून चमचाभर आंबवण छोट्या बाटल्यांत भरून नेलं होतं. सातवं घर खुशालरावाचं. मी तिथूनच तिला फोन लावला.

सगळं ऐकून ती आधी पोट धरून हसली, मग एकदम गंभीर झाली. "काका, ती डबी म्हणजे माझी जंतू वाढवायची थाळी आहे. आम्ही झाकणावर लिहीत नाही, झाकणांची अदलाबदल होते. म्हणून घर, नाव आणि कितवा दिवस ते बुडाला लिहितो आणि थाळी पालथी ठेवतो. फेब्रुवारीत अकोल्याच्या विज्ञान प्रदर्शनात मी पाच थाळ्या मांडल्या होत्या, त्यातली एक गायब झाली. मंडपवाल्याले विचारलं, तं तो म्हणे, उंदरानं नेली असन."

"मंडपवाल्याचं नाव?"

"शेखर."

बुडाला लिहिलेलं वरून पाहिलं की उलटं दिसणारच. ते स्पिरिटनं पुसलं असतं तरी गेलं असतं. पण शेखरला पुसण्यापेक्षा पूजा करून घेणं सोपं वाटलं.

सत्संगात रोज एका बाईला 'वलयसेवा' मिळायची. म्हणजे तिनं स्वतःच्या हातानं थाळी प्रोजेक्टरवर ठेवायची, लोकांना वाटावं की इथं काही लपवाछपवी नाही. नवऱ्याच्या पायासाठी गोदाबाईनं नंबर लावला होता आणि येत्या गुरुवारी तिची पाळी होती. अजून दोन दिवस होते. मी दोन्ही दिवस खुशालरावाच्या दारात जाऊन भांडलो, त्यानं दोन्ही दिवस मला हाकललं. मग मी गोदाबाईला सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं.

"म्हंजे ते माया मडक्यातलं हाये?"

"हो."

"मंग मीच ठेवीन ती थाळी."

गुरुवारी मांडव भरला. रागिणी मॅडमला सांगून मी अँबुलन्स मांडवाबाहेर उभी करून घेतली होती. खुशालराव पहिल्या रांगेत खुर्चीवर होता, पाय दुसऱ्या खुर्चीवर. मी आणि अमरावतीहून आलेली तहरीम त्याच्या मागे उभे राहिलो. शेखरनं जंतूंना शिव्या घातल्या, अमेरिकेला समज दिली आणि गोदाबाईला वर बोलावलं. तिनं थाळी हातात घेतली, डोळे भरून पाहिली आणि प्रोजेक्टरवर पालथी ठेवली.

पडद्यावर वलय होतं तसंच राहिलं. कडेची अक्षरं मात्र सुलटी झाली.

"माताजी, उलटी ठेवली," शेखर माईकवर हात ठेवून म्हणाला.

"सुलटीच हाये," गोदाबाई म्हणाली. "वाचा न."

वाचलं जानरावानं, बोट उंच करून, एकेक अक्षर लावत. "घर... सात. गोदाबाई. दिवस... दोन." मागून कोणीतरी विचारलं, "गोदाबाई कोन?" जानराव म्हणाला, "ह्या काय उभ्या हायेत." मग त्याला आपलं मडगार्ड आठवलं असावं, कारण तो खाली बसला.

तहरीम स्टेजवर गेली. ओरडली नाही, हातवारे केले नाहीत. म्हणाली, "ही थाळी माझी आहे, अकोल्याहून चोरीला गेलेली. आतला थेंब गोदामावशीच्या घरच्या आंबवणाचा. आंबवणात काही चांगले जंतू असतात. ते आंबटपणा आणि आणखी काही पदार्थ सोडतात, त्यानं आसपास दुसरे जंतू वाढत नाहीत. ती मोकळी जागा म्हणजे हे वलय. चमत्कार नाही. म्हणूनच तुमचं आंबवण उन्हाळ्यात लवकर नासत नाही. तुमच्या प्रत्येकाच्या मडक्यात असं काही ना काही होतं, जे तुम्ही फोडलं."

मला वाटलं, झालं, संपलं. मी शेखरला ओळखलंच नव्हतं. लग्नात पंखे विसरलेल्या माणसानं त्या दिवशी वधूपित्याला, नैसर्गिक वारा शुभ असतो, हे पटवून दिलं होतं. तो धाडकन गोदाबाईच्या पायांवर पडला.

"सापडली!" त्यानं टाहो फोडला. "देवलिपीत लिहिलेली माता सापडली! मी तर फक्त सेवक. बोला, गोदामाता की..."

"जय," हजार लोक म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. दहा मिनिटांपूर्वी जे वलय शेखरचं होतं, ते आता गोदाबाईचं झालं. बायका स्टेजकडे लोटल्या. कोणी तिच्या पदराला हात लावला, कोणी पायाखालची माती उचलली. आणि पहिल्या रांगेत खुशालराव, तीस वर्षं जिच्या हातच्या भाजीत मीठ कमी काढत आला त्या बायकोकडे, हात जोडून पाहत होता.

माझी नजर त्याच्या काळ्या बोटांवर गेली. आता जे सांगतो त्याची मला लाज वाटते. मी स्टेजवर चढलो आणि गोदाबाईच्या कानात म्हणालो, "वहिनी, घडीभर देवी व्हा. खुशालले हुकूम द्या, गाडीत बस म्हना. तो तुमचं आयकन. मंग सोडा देवीपन."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी एक पायरी खाली उतरलो. "आन् उद्या कोनाचं लेकरू तापानं फनफनलं, तं ते घेऊन माया दारात येतीन. त्याले काय देऊ, भाऊजी? आंबील?"

मग तिनं पायाशी पडलेल्या शेखरच्या हातातून माईक घेतला.

"मी देवी नाही. मी आंबील करनारी बाई. माया सासूनं याच मडक्यातली आंबील जल्मभर पेली. तिले निमोनिया झाला, आमी चार दिवस घरीच ठेवलं, आन् ती गेली. आंबील होती न घरात. वाचवलं का तिनं?"

तिनं स्टेजवरची तेजांबिलीची एक बाटली उघडली, वरचं पाणी ओतून दिलं आणि तळाचा पांढरा गाळ तळहातावर घेतला. दोन बोटांत चोळला. मग खाली वाकून स्टेजच्या काळ्या कापडावर चिमटीनं एक रेघ ओढली, तिला आडवी दुसरी ओढली, चार कोपऱ्यांत चार ठिपके दिले.

"बायांनो, इकडे या न. हे काय हाये, सांगा."

पुढच्या बायकांतली आशाबाई आधी आली. तिनं गाळ बोटांत चोळला आणि तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "रांगोळी," ती म्हणाली. "बाप्पा, आमी रांगोळी पेलो." घरात रोज सकाळी रांगोळी घालणाऱ्या बाईची चिमूट फसत नाही. बायका एकेक करून येऊन गाळ चोळून पाहू लागल्या, आणि गोदामाता की जय म्हणणारे आवाज एकेक करून बंद पडले. तोफांच्या सलामीनंतर बाटल्या गप्प का झाल्या, हे मला तेव्हा कळलं. मंडपवाल्याकडे रांगोळीची पोती पडूनच असतात, आणि रांगोळी काही फसफसत नाही. ती आंबील नव्हतीच. खुशालरावाच्या जखमेत मी जी वाळू पाहिली, ती हीच.

शेखरनं मुख्य बटण बंद केलं. जुनी सवय, अडचण आली की लाईट घालवायची. पण बाहेर संध्याकाळचे पाचच वाजले होते. जानरावानं मांडवाचं कापड वर केलं, तसं लख्ख ऊन आत आलं, आणि त्या उन्हात मागच्या बाजूनं निघालेले वलयनाथ स्वतःच बांधलेल्या दोरीत पाय अडकून पडलेले सगळ्यांना दिसले. त्यांना उठवायला बायकाच आधी पोचल्या. मी मधे पडलो नाही.

गोदाबाई मात्र तिकडे गेली नाही. ती खाली उतरून नवऱ्यासमोर उभी राहिली.

"तरी पन," खुशालराव पुटपुटला, "आपल्या घरच्या आंबिलीले वलय हाये न. रांगोळी नको, खरी आंबील लावू पायाले."

तहरीम म्हणाली, "काका, थाळीत फिनाईलचा थेंब टाकला तरी वलय पडते. म्हणून फिनाईल पिता का? थाळी म्हणजे पाय नाही. पायात रक्त असते, साखर असते, जखम आत किती खोल गेली ते दिसत नाही. यातून कधी औषध निघालं, तं ते तपासायलेच कितीक वर्षं लागतीन. तुमच्या पायाजवळ तेवढी वर्षं नाहीत."

गोदाबाई म्हणाली, "तुमी सहदेवभाऊजीले म्हनलं, गोळीले वलय दाखव, मंग खातो. माया आंबिलीले वलय हाये. समद्या गावानं पाह्यलं. आन् मी, जिची आंबील हाये, मी म्हनते, गोळी खा. आता कोनाचं आयकता?"

त्यानं दुसऱ्या खुर्चीवरचा पाय खाली घेतला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सहदेव, तुया त्या गाडीत पंखा हाये का?"

"हाये."

"मंग चाल."

अमरावतीला त्याच रात्री ऑपरेशन झालं. पाय वाचला, दोन बोटं गेली. तिथले डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधी आणलं असतं तर बोटंही राहिली असती. ते त्यांनी सहज सांगितलं. मला ते अजून सहज घेता येत नाही.

शेखरवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार झाली. तक्रारीवर सह्यांसाठी मी कागद घेऊन फिरलो तेव्हा पहिली सही जानरावानं केली. मडगार्ड मात्र त्यानं अजून रंगवलेलं नाही. मागून येणाऱ्या गाड्या गोंधळतात.

गव्हाणीतलं मडकं पुन्हा स्वयंपाकघरात आलं. ज्यांनी आपली मडकी फोडली, त्या बायका गोदाबाईकडून वाटीभर आंबवण घेऊन गेल्या, नवीन मडक्याला लावायला. ती प्रत्येकीला देताना बजावते की हे प्यायचं आहे, जखमेवर ओतायचं नाही. दारावरची देवलिपी खरवडायला खुशालराव निघाला होता. तिनं खरवडू दिली नाही. आजही कोणी नवा माणूस ते काय आहे म्हणून विचारतो, तेव्हा ती खुंटीवरचा आरसा काढून त्याच्या हातात देते.

माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे. आंबील प्या, उन्हाळ्याला चांगली आहे. तहरीमसारखी मुलं त्या मडक्यात काय शोधतायत, तेही विचारा, ती आनंदानं सांगतील आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणतील. पण कोणी काही दिव्य दाखवलं, तर हात जोडायच्या आधी ते एकदा पालथं घालून बघा आणि बुडाला काय लिहिलंय ते वाचा. खुशालराव आता आठ बोटांवर चालतो. बाकीची दोन बोटं त्यानं माझ्या गोळीला वलय नव्हतं म्हणून गमावली.